नॅशव्हिलचं पत्र : चार गळे आणि पाचवा सूर

नॅशव्हिल, टेनेसी



ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या सकाळच्या लोकलमध्ये टाळ-ढोलकीच्या साथीने भजन म्हणत ऑफिस गाठणारी मंडळी तुमच्या रोजच्या पाहण्यातली. गायल्यावाचून राहवत नाही म्हणून गाणारी अशी माणसं अमेरिकेतही आहेत. त्यांच्या गाण्याला ‘बार्बरशॉप’ म्हणतात. त्यांच्या ‘बार्बरशॉप हार्मनी सोसायटी’ या संस्थेचं मुख्यालय याच शहरात आहे.

गाणारे चौघं, वाद्य एकही नाही. पिचपाइप या सूर देणाऱ्या छोट्या शिट्टीवर पट्टी घेतली की शिट्टी खिशात. मूळ चाल ‘लीड’ गातो. त्याच्या वर हलक्या आवाजात ‘टेनर’, तळाशी ‘बेस’. ‘बॅरिटोन’ कधी लीडच्या वर, कधी खाली जाऊन उरलेला सूर भरतो. त्याची ओळ एकटी ऐकली तर चाल वाटतच नाही, पण तो गप्प झाला की गाणं पोकळ होतं. आपल्याकडे बुवा ओळ सांगतात आणि मागची मंडळी तीच उचलतात. इथे शब्द सगळ्यांचे एक, सूर मात्र ज्याचा त्याचा.

कल्याण गायन समाजाच्या मैफलीत तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना यातलं मर्म लगेच कळेल. सा, ग, प आणि कोमल नी हे सूर ४:५:६:७ या प्रमाणात लागले, की चौघांच्या आवाजातले उपस्वर एकमेकांना बळ देतात आणि कोणीही न गायलेला सूर वर घुमू लागतो. त्यासाठी गंधार पेटीतल्यापेक्षा किंचित उतरा हवा, निषाद त्याहून उतरा. पेटीच्या किंवा पियानोच्या ठरीव पट्ट्यांत हे सूर सापडत नाहीत, ते शेजारच्या गळ्याकडे कान देऊनच लावावे लागतात.

या देशात छंदाचीही चटकन संस्था होते. ११ एप्रिल १९३८ रोजी ओक्लाहोमातल्या टल्सा शहरी, करविषयक वकील ओवेन कॅश आणि त्यांचे स्नेही रूपर्ट हॉल यांच्या निमंत्रणावरून २६ पुरुष एका क्लबच्या गच्चीवर गायला जमले. त्यातूनच ही सोसायटी उभी राहिली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धा भरली. शाखा निघाल्या, गुण देणारे परीक्षक तयार झाले. हौशी गाण्याला इतकी शिस्त लागली की आज अशा चौकड्या जगभर गातात.

पण त्या शिस्तीला काळी बाजूही होती. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरच्या कृष्णवर्णीय हमालांच्या ‘रेड कॅप्स’ चौकडीने शहराची स्पर्धा जिंकली, तरी राष्ट्रीय स्पर्धेचं दार त्यांना बंदच राहिलं. निषेध म्हणून न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर अल स्मिथ आणि शहराचे उद्यान-आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी संस्था सोडली. वर्णबंदी उठली ती १९६३ मध्ये. स्त्रियांनी १९४५ मध्ये टल्सातच ‘स्वीट अ‍ॅडलाइन्स’ ही आपली संस्था काढली होती. पुरुषांच्या संस्थेने त्यांना पूर्ण सभासदत्व दिलं २०१८ मध्ये.

मुळात ही गायकी फुलली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत, नाक्यांवर आणि न्हाव्यांच्या दुकानांत. लहानपणी जाझचा विख्यात कलाकार लुई आर्मस्ट्राँगही न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर चौकडीत गात असे. पुढे गोऱ्या मध्यमवर्गाने ती आपलीच जुनी आठवण म्हणून मिरवली आणि मूळ गायकांची नावं मागे पडली. लिन अ‍ॅबट या संशोधकाने जुनी वर्तमानपत्रं आणि आठवणी धुंडाळून १९९२ मध्ये हा वारसा पुराव्यानिशी मांडला. ज्या संस्थेच्या मूळ नावातच ‘जतन’ हा शब्द होता, तिने चाली जपल्या. त्या घडवणारी माणसं मात्र नोंदीबाहेर ठेवली.

म्हणून तुम्हाला कळकळीची विनंती आहे. लोकलमधल्या भजनाच्या चाली गाणाऱ्यांच्या गळ्यात आहेत, आणि ती माणसं निवृत्त होताहेत. फोन प्रत्येकाच्या हातात आहे. भजन ध्वनिमुद्रित करा. बुवा कोण, ढोलकीवर कोण, चाल कुणाकडून आली, महिलांच्या डब्यात कोण गातं, हे विचारून त्यांच्या संमतीने नावानिशी लिहून ठेवा. हे काम गाणारे हयात असतानाच करायचं आहे.