स्त्रीरोगांची सामान्य लक्षणे आणि तज्ज्ञांकडे जाण्याची वेळ

प्रस्तावना

गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या. ज्यांची काहीच तक्रार नव्हती अशा स्त्रियांतही आजार आढळले, ही बाब विशेष लक्षणीय होय. साडेतीन दशकांनंतरही दुखणे अंगावर काढण्याची रीत पुरती मोडलेली नाही, आणि ती केवळ खेड्यापुरती आहे असेही नाही. महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात मधुमेहाची व रक्तदाबाची चर्चा मोकळेपणाने होते. पाळीच्या तक्रारीची होत नाही. कोणते लक्षण स्वाभाविक व कोणते तपासणीयोग्य, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मासिक पाळीतील बदल

प्रौढ स्त्रीच्या दोन पाळ्यांतील अंतर २४ ते ३८ दिवस आणि रक्तस्राव ८ दिवसांपर्यंत असणे स्वाभाविक मानले जाते. पाळी सुरू झाल्यावरची पहिली काही वर्षे आणि रजोनिवृत्तीपूर्वीचा काळ यांत थोडी अनियमितता असतेच. रक्तस्राव अधिक आहे किंवा नाही, हे मोजमापापेक्षा दैनंदिन व्यवहारावरून चांगले कळते. पॅड दर एक-दोन तासांनी बदलावे लागणे, त्यासाठी रात्री उठावे लागणे, रक्ताच्या मोठ्या गाठी पडणे, पाळीच्या दिवसांत कामावर जाता न येणे, यांपैकी काहीही वारंवार घडत असल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. यामागे गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी, थायरॉइडचे विकार, तर कोवळ्या वयात कधी रक्त गोठण्याच्या क्रियेतील जन्मजात दोष असतो. फायब्रॉइडच्या गाठी बहुतांशी कर्करोगाच्या नसतात. त्रास न देणारी लहान गाठ केवळ सोनोग्राफीत दिसली म्हणून शस्त्रक्रियेची घाई करण्याचे कारण नसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसून आले. अपुरा आहार हे त्याचे एक कारण आहेच. परंतु लोहाच्या गोळ्या देताना दरमहा किती रक्त जाते याची विचारपूसच झाली नाही, तर तो गळक्या रांजणात पाणी भरण्याचा प्रकार ठरतो.

पाळी लांबणे ही तरुण मुलींतील नेहमीची तक्रार. पीसीओएस हे नाव आता विद्यार्थिनींच्या तोंडीही असते. प्रौढ स्त्रीत अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि बीजकोशातील अनेक लहान पुटिका या तीनपैकी दोन बाबी असल्यास, व अन्य कारणे वगळल्यावर, हे निदान केले जाते. पाळी सुरू होऊन ८ वर्षे झालेली नसताना केवळ सोनोग्राफीवरून ते करू नये, असे २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मात्र सलग तीन महिने पाळी न आल्यास तपासणी करावीच. गर्भधारणेची शक्यता असेल तर एवढी वाट पाहू नये.

वेदना आणि पांढरे जाणे

पाळीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत ओटीपोटात दुखणे सामान्य आहे. साध्या वेदनाशामकानेही न थांबणारे, वर्षागणिक वाढणारे, शरीरसंबंधाच्या वा शौचाच्या वेळी होणारे दुखणे सामान्य नव्हे. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढल्याने होणारा एंडोमेट्रिओसिस त्यामागे असू शकतो. ‘लग्न झाले की थांबेल’ या घरगुती आश्वासनामुळे त्याचे निदान कित्येक वर्षे लांबते. पाळी चुकलेली असताना एका बाजूस अचानक तीव्र दुखणे किंवा चक्कर येणे ही गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेची लक्षणे असू शकतात. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

अंगावरून पांढरे जाणे हे पाळीच्या चक्रानुसार कमी-अधिक होणारे स्वाभाविक लक्षण आहे. त्याला दुर्गंधी, खाज, हिरवट-पिवळा रंग किंवा ताप यांची जोड मिळाली तर ते संसर्गाचे चिन्ह होय. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांनी बरेचदा लक्षण दबते, कारण तसेच राहते.

रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव आणि पूर्वतपासणी

पाळी थांबून एक वर्ष उलटल्यावर आलेला रक्ताचा एक डागही तपासणीयोग्य आहे. ‘पुन्हा पाळी आली’ असे समजून तो सोडून दिला जातो. अशा स्त्रियांपैकी बहुतेकींना कर्करोग नसतो, पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे पहिले लक्षण हेच असते. शरीरसंबंधानंतर होणारा रक्तस्रावही तितकाच गंभीरपणे घ्यावा.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात लक्षणांची वाट न पाहणे श्रेयस्कर. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही विषाणूची एकदाच चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू, चाचणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, जवळपास निम्म्यावर आले. जगाला मार्गदर्शक ठरलेला हा पुरावा मराठवाड्याच्या खेड्यांतून मिळाला, याची माहिती महाराष्ट्रातच फार थोड्यांना आहे.

गर्भाशय काढण्याचा सल्ला

उशिरा जाण्याइतकाच दुसरा धोका घाईच्या शस्त्रक्रियेचा आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे २०१९ मध्ये पुढे आले व शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीमुळे मजुरी बुडते, दुखणे सोसवत नाही आणि कर्करोगाची भीती घातली जाते, अशा कोंडीत सापडलेल्या स्त्रीने दिलेली संमती कितपत स्वेच्छेची मानावी, हा प्रश्न वैद्यकापुरता राहत नाही. केंद्र शासनाने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि ती राबविण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये राज्यांना दिले.

कर्करोग नसलेल्या अतिरक्तस्रावावर औषधे आणि गर्भाशयात बसविण्याचे संप्रेरकयुक्त साधन हे उपाय आधी उपलब्ध असतात. म्हणून पिशवी काढण्याचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे आणि संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी बीजकोशही काढले जाणार आहेत काय, हे स्पष्ट विचारावे. तिशी-चाळिशीत दोन्ही बीजकोश गेले तर रजोनिवृत्ती तत्काळ येते आणि हाडांची झीज व हृदयविकार यांचा धोका वाढतो.