डोक्यावरचा स्लॅब

दिवाळी अंकात उन्हाळ्याचा विषय काढणाऱ्या माणसाला रसिक म्हणणे कठीण आहे. पुढ्यात फराळाचे ताट असावे, पहाटेच्या गारव्याने अंगावर शिरशिरी यावी, आणि अशा वेळी कुणी वैशाखवणव्याची आठवण करून द्यावी, हे काही रसपरिपोषाला धरून नव्हे. पण इलाज नाही. घराच्या छपराचे काम करायचे तर ते दिवाळी ते होळी या चार महिन्यांतच. पावसाळ्यात गच्ची ओली असते आणि चैत्र लागला की ओला कोबा उन्हाने तडकतो. हा लेख ज्यांना मे महिन्यात हवासा वाटेल, त्यांना तो तेव्हा वाचून फारसा उपयोग नाही. म्हणून आताच.

मी नागपूरचा. आमच्या गावी २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंश सेल्सियसवर गेला होता. दरवर्षी २६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य येथे बरोबर माथ्यावर येतो. कवींनी सावलीला फार निष्ठावान म्हटले आहे. ती निष्ठा त्या दिवशी काही क्षण रजेवर जाते. कवितेपुरते हे ठीक. घराच्या दृष्टीने मात्र याचा अर्थ गंभीर आहे. सूर्य माथ्यावर असताना भिंतींवर ऊन ओझरते पडते आणि सगळा मारा छपरावर होतो. निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट उष्णता उतरते, म्हणजे एक घरगुती इस्त्रीच समजा. सहाशे चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे छप्पन चौरस मीटर. आपल्या डोक्यावर छप्पन इस्त्र्या मांडून आपण खाली पंख्याचा वेग वाढवीत बसतो.

‘जुनी घरे थंड असत’ हे वाक्य प्रत्येक लग्नकार्यात एकदा तरी ऐकू येते. कोणती जुनी, हे मात्र कुणी सांगत नाही. आजोबांच्या काळचे कवेलूचे घर थंड होते, कारण कवेलूखाली माळा होता आणि त्या माळ्यातली हवा उष्णतेला अडवीत असे. मराठवाड्यातले आणि सोलापूरकडचे माळवद थंड होते, कारण तुळयांवर हातभर जाडीची माती होती आणि पावसाआधी त्यावर पांढऱ्या मातीचा थर घालण्याची वहिवाट होती. आज आपण ज्या घरांना जुनी म्हणतो, ती बहुधा १९५५ ते १९८५ च्या दरम्यान बांधलेली स्लॅबची घरे आहेत. त्या काळी स्लॅब म्हणजे प्रतिष्ठा! कवेलू उतरवून स्लॅब टाकला की गृहस्थाची मान ताठ होई. पाऊस गळेना, माकडे कवेलू फोडीनात, उंदरांचा माळा गेला. माळ्याबरोबर हवेचा थरही गेला, तो कुणाच्या लक्षात आला नाही.

चार-पाच इंच जाडीचे सिमेंट काँक्रीट उष्णतेच्या दृष्टीने जवळजवळ उघडे दार आहे. थर्माकोलच्या एका इंचाने जेवढी उष्णता अडते, तेवढी अडवायला काँक्रीट सुमारे पंचेचाळीस इंच, म्हणजे पावणेचार फूट जाड लागेल. थर्माकोल काही दैवी वस्तू नाही. त्यात कोंडलेली स्थिर हवा हे काम करते. गोधडी, पेंढा, गवताचे छप्पर या सगळ्यांचे मर्म तेच. काँक्रीटमध्ये ती हवा नाही. शिवाय उन्हापावसाने करडा पडलेला स्लॅब उष्णता परतवीत नाही, दोन-तृतीयांश तरी गिळून टाकतो. दुपारी त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर जातो.

आता या गोष्टीचा सर्वांत खोडसाळ भाग. ही उष्णता लगेच खाली येत नाही. तिला स्लॅब ओलांडायला तीनएक तास लागतात. त्यामुळे बाहेर ऊन उतरू लागते तेव्हा आत छत तापू लागते आणि रात्री दहा वाजता, अंगणात सुखाचा वारा सुटलेला असताना, खोलीतल्या छताला हात लावला तर ते कोमट लागते. कूलर हवा गार करतो, छत गार करीत नाही. म्हणून अंगावर गार झोत असूनही डोके तापलेले राहते. पंख्याचे तर विचारूच नका.

आमचे घर १९६४ सालचे. आई वरच्या खोलीत झोपते. तिचे वय ८१. उन्हाळ्यात तिने खालच्या खोलीत यावे म्हणून आम्ही दरवर्षी विनवीत असू. “खाली माझा जीव घुसमटतो रे,” एवढेच तिचे उत्तर. वरच्या खिडकीतून कडुनिंब दिसतो, शेजारच्या माई गच्चीवरून हाक मारतात, देवघरही वरच. ते सोडून ती येणार नव्हती. रात्री दोन वाजता ती जुने पातळ भिजवून खिडकीला बांधायची, तासाभराने पुन्हा भिजवायची. पायऱ्यांवर पाण्याचे थेंब दिसले की आम्हाला कळायचे.

म्हाताऱ्या माणसाला दुपारइतकीच रात्र छळते. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री विसावा मिळाला नाही, तर हृदयावरचा ताण उतरतच नाही. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. पुढे हिशेब मांडला गेला, तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे दिसले. तेथल्या महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी कृतियोजना आखली, आणि पुढे गोरगरिबांच्या वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचे काम तीत आले. तेलंगण सरकारने तर २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. चुन्याची बादली अशी राजमान्य झाली.

आमचा मिस्त्री मात्र राजमान्यतेला बधणारा नव्हता. “सर, कायले एवढा कुटाणा करता? एसी लावून टाका ना.” त्याचे म्हणणे अगदी वावगे नव्हते, पण डोक्यावर चूल पेटती ठेवून खाली बर्फ विकत घेण्यासारखे ते होते. वीज गेली की काय, हा प्रश्न उरतोच. आणि नागपुरात ती नेमकी जाते केव्हा, हे वाचकांना सांगायला नको. त्याआधी एकाने आमच्या गच्चीवर गळतीसाठी डांबराचा काळाकुळकुळीत थर देऊन ठेवला होता. गळती थांबली, पण त्या काळ्या थराने ऊन जास्तच ओढून घेतले. गच्चीवर काळे काही लावू नये, हा पहिला नियम समजावा.

आम्ही कामाला लागलो ते असे. प्रथम भेगा बुजविल्या, पाणी वाहून जाण्याचे उतार आणि नळ्या नीट केल्या. गळक्या छपरावर केलेला कोणताही खर्च पाण्यात जातो, हे अक्षरशः खरे आहे. मग चुना. कळीचा चुना रात्रभर भिजवून गाळावा, त्यात डिंक किंवा फेविकॉल मिसळावा, गच्ची घासून ओली करून ऊन उतरल्यावर दोन-तीन हात द्यावेत. डोळे सांभाळावेत, चुना वाईट पोळतो. ताजा पांढरा चुना बहुतेक ऊन परतवून लावतो. सगळ्या उपायांत हा स्वस्त, आणि माझ्या मते रुपयामागे सर्वांत गुणकारी. खोड एकच : धूळ आणि शेवाळ धरले की त्याचा गुण जातो, म्हणून तो दर हिवाळ्याच्या अखेरीस नव्याने द्यावा लागतो. कायमचे हवे असेल तर पांढऱ्या फुटक्या फरशीचा थर, ज्याला आपण चायना मोझॅक म्हणतो, तो उत्तम.

विटांच्या तुकड्यांच्या कोब्यावर आपल्या लोकांची फार श्रद्धा. चार इंचांचा कोबा उष्णता थोडी अडवतो, पण तेवढ्या श्रद्धेला तो पात्र नाही. आणि त्याचे वजन? एका चौरस फुटाला सुमारे अठरा किलो. सहाशे फुटांच्या गच्चीवर दहा टनांहून अधिक! साठ वर्षांच्या स्लॅबवर, ज्याच्या सळया आतून गंजल्या आहेत की नाहीत ते ठाऊक नाही, आधीच्या कोब्यावर दुसरा कोबा चढवणे म्हणजे घरावर हत्ती बांधणे. अभियंत्याला दाखविल्याशिवाय हे करू नये.

दुसऱ्या वर्षी आम्ही फोमच्या घट्ट पाट्या बसविल्या. खाली पाणी अडवणारा थर, त्यावर पाट्या, त्यावर पांढऱ्या फरश्या. पाट्यांचे वजन नगण्य, पण त्यांना ऊन सोसत नाही म्हणून वर फरशी हवीच. घरांसाठी २०१८ मध्ये निघालेली ‘इको-निवास संहिता’ छपरातून उष्णता किती आत यावी याची मर्यादा घालून देते. बोडका स्लॅब त्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत घेतो, आणि एक इंच चांगल्या फोमने तो मर्यादेत येतो. संहिता नव्या बांधकामांसाठी आहे. पण जुन्या घराने नियम पाळला म्हणून कुणी दंड करीत नाही. पाट्या छताच्या खालून लावण्यापेक्षा वरून लावणे बरे, कारण मग स्लॅब मुळात तापतच नाही. खालून उघडा थर्माकोल चिकटवण्याची टूम निघाली आहे, ती मात्र घातक. तो पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

पुढच्या मे महिन्यात पायऱ्यांवर थेंब दिसले नाहीत. आई काही बोलली नाही. तिने फक्त ते जुने पातळ धुऊन गोधडीच्या चिंध्यांत टाकले.

ज्यांच्या घरावर सिमेंटचे जुने पत्रे आहेत, त्यांनी एक जपावे : त्यांत ॲस्बेस्टॉस असते, म्हणून ते घासू, कापू किंवा फोडू नयेत, हलक्या हाताने वरून पांढरा रंग द्यावा. गच्चीवर सौर पट्ट्या बसवायच्या असतील तर त्या खाली हवा खेळेल इतक्या उंच ठेवाव्यात, म्हणजे विजेबरोबर सावलीही पदरात पडते. मुंबई-कोकणाकडे हवाच दमट, तेथे छपराबरोबर वाऱ्याची वाटही मोकळी हवी.

राहता राहिले सोसायटीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारे. त्यांचे दुःख निराळे. स्लॅब तापतो त्यांच्या डोक्यावर, पण गच्ची सर्वांची, आणि तळमजल्यावरचे काका सभेत म्हणतात, “आम्हाला तर काही उकडत नाही बुवा!” दिवाळीनंतरच्या सभेत गळतीचा विषय बहुधा निघतोच. त्याच ओळीत ‘गच्चीस चुना लावणे’ असे लिहून द्यावे. चिटणीसांना त्या शब्दप्रयोगाचा दुसरा अर्थ आधी आठवेल, तेव्हा बादली बरोबर न्यावी.