ओहोटीला आत, ओहोटीला बाहेर!

वीकेण्डला लांब कुठेतरी बेटावर जावंसं वाटतंय? सुट्टी टाकू नका, विमानाचं तिकीटही काढू नका. पौर्णिमा कधी आहे, तेवढं बघा.

मुंबई-गोवा हायवेवरचा वडखळ नाका म्हणजे वीकेण्डचं जंक्शन. सरळ गेलात तर गोवा, उजवीकडे वळलात तर अलिबाग. शुक्रवारी रात्री इथल्या टपरीवर चहा मारणाऱ्या प्रत्येक ग्रुपला सॉलिड घाई असते. अलिबागवाल्यांचा प्लॅनही ठरलेला. बीच, मासे, रविवारी रिटर्न. आणि समोर समुद्रात उभा असलेला कुलाबा किल्ला? ‘अरे, तो तर तासाभरात होतो!’

आम्ही दोघी मैत्रिणींनी तो दिवसभर करायचा ठरवला. सकाळच्या ओहोटीला चालत आत शिरायचं आणि संध्याकाळच्या ओहोटीलाच चालत बाहेर पडायचं. भरतीत होड्या मिळतात, पण होडी घ्यायची नाही, हा आमचा नियम.

तिथी सांगते टाइमटेबल

कोकणातला जुना हिशेब एकदम सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा, साधारण पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास भरती. त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. आम्ही पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचा शनिवार गाठला. प्रतिपदा, म्हणजे भरती पाऊणच्या आसपास आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ पावणेसातला. वर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त मागे हटतं. सकाळी सातला चपला हातात घेऊन, ओल्या वाळूवरून आणि खडकांवरून आम्ही चालत किल्ल्याच्या दारात!

घेर पाऊण किलोमीटर, वेळ चार तास

या किल्ल्याचा ट्रेक कागदावर हास्यास्पद वाटेल. उत्तर-दक्षिण जेमतेम पावणेतीनशे मीटर, रुंदी सव्वाशेच्याही आत. पण सतरा बुरुज आहेत, आणि प्रत्येक बुरुजावर थांबायचं म्हटलं की सकाळ पुरत नाही. तटाचे अवाढव्य दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचलेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. खाली भरती चढत असताना तटावर बसून ऐका, दगडांच्या आतून पाण्याचा आवाज येतो.

शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये इथलं काम सुरू केलं, ते संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. मग हा कान्होजी आंग्रे यांचा बालेकिल्ला झाला. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून चालून आले आणि हात हलवत परत गेले. आजचा रायगड जिल्हाही 1981 पर्यंत याच किल्ल्याच्या नावाने, कुलाबा जिल्हा म्हणूनच ओळखला जायचा.

आत राघोजी आंग्रे यांनी 1759 मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ, बाजूला पुष्करणी, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असूनही गोड्या पाण्याची विहीर. उत्तरेच्या टोकाला गाड्यावर चढवलेल्या दोन तोफा आहेत. त्या मात्र यॉर्कशायरमध्ये 1849 साली ओतलेल्या, म्हणजे आंग्र्यांचं राज्य संपल्यानंतरच्या!

भर भरतीत बॉसचा फोन

किनारा समोर दिसतो. मोबाइलला रेंज फुल्ल. म्हणूनच दुपारी एकला मैत्रिणीचा फोन वाजला. तिचा बॉस. अर्जंट आहे, दोन तासांत लॅपटॉपवर येशील का?

ती दोन वर्षांत अशा फोनला एकदाही नाही म्हणालेली नाही. खाली होडी लागलेली होती. ती होडीकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. मग म्हणाली, “सर, मी समुद्रात आहे. ओहोटीशिवाय निघता येणार नाही.” पलीकडे बराच वेळ शांतता.

पुढचे दोन तास तिने दर पाच मिनिटांनी फोन बघितला. तीनला मेसेज आला, ‘झालं काम. सोमवारी बोलू.’ वाटलं होतं, ती खूश होईल. ती हिरमुसली! आपल्यावाचून अडतं, या भरवशावर तिने दोन वर्षं रेटली होती. मग देवळाच्या सावलीत तिने तासभर ताणून दिली. फोन सॅकमध्ये.

चारनंतर पाणी उतरायला लागलं. आधी खडकांची टोकं, मग खेकडे, मग ओली वाळू. साडेपाचला आम्ही चालायला लागलो. वाटेत पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं. अर्धा तास थांबलो असतो तर आणखी उतरलं असतं. तीच म्हणाली, “थांबूया ना, घाई काय आहे?”

जाण्यापूर्वी

● कसं जाल? पनवेल-पेण-वडखळमार्गे अलिबाग. किंवा गेटवेहून बोटीने मांडवा, पुढे रस्त्याने. मुक्काम अलिबागमध्येच करा.

● कधी? पावसाळा टाळा. दिवस निवडताना भरतीचं वेळापत्रक बघा. तिथीचा हिशेब हा अंदाज आहे, नेमकी वेळ स्थानिकांना विचारा.

● सोबत काय? पाणी, डबा, टोपी, ओल्या खडकांवर न घसरणारे सॅण्डल. कचरा परत आणायला पिशवी.

● हे नकोच! पाणी चढायला लागल्यावर ‘पळत जाऊ’ म्हणून उतरू नका. आत असाल तर आतच थांबा.