बंदराने घडविलेल्या वस्त्या

मुंबईचा इतिहास सांगताना आपण बहुधा तिच्या विस्ताराचा इतिहास सांगतो; सात बेटे सांधली गेली, समुद्रात भरणी पडली, १८५३ साली आगगाडी सुरू झाली आणि शहर उत्तरेकडे पसरत गेले, असा तो क्रम असतो. परंतु हे शहर मुळात बंदर आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्याच्या आसऱ्याने ज्या वस्त्या उभ्या राहिल्या, त्यांतील प्रत्येकीचे स्वरूप तेथे कोणता माल उतरत असे आणि त्या मालाच्या मागे कोणत्या मुलखातील माणसे येत असत यावरून ठरले, हे ध्यानात घेतल्यावाचून तेथील मोहल्ल्यांचे, वाड्यांचे आणि पाखाड्यांचे वैचित्र्य उलगडत नाही.

१६६१ च्या विवाहतहाने पोर्तुगिजांनी ही बेटे इंग्लंडच्या राजाला दिली आणि १६६८ साली राजाने ती वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. कंपनीपाशी बंदर होते, पण व्यापारी आणि कारागीर नव्हते. म्हणून ज्याला त्याला आपापला धर्म पाळण्याची मुभा देऊन तिने सुरतेकडील व्यापाऱ्यांना येथे आणण्याचे धोरण स्वीकारले. तिच्या तटबंद कोटाच्या उत्तरभागी पारशी, बनिये वगैरे देशी व्यापाऱ्यांची आणि दक्षिणभागी युरोपियनांची वस्ती झाली. १७०९ साली बनाजी लिमजी यांनी बांधलेली अग्यारी या जुन्या वस्तीची साक्ष आजही देते. १७३६ साली सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी येथे जहाजबांधणीचा पाया घातला. त्यांच्या वंशजांनी मलबारी सागवानातून बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही १८१७ सालची युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे अद्याप पाण्यावर तरंगत आहे.

१८०३ साली कोटात भयंकर आग लागली, बाजाराचा मोठा भाग भस्मसात झाला आणि त्यानंतर देशी वस्ती तटाबाहेर, ज्याला त्या काळचे लोक ‘बाहेरकोट’ म्हणत त्या भागात, वेगाने वाढली. मांडवी, मशीद बंदर, डोंगरी या वस्त्या त्या वाढीने गजबजल्या. कच्छ-काठेवाडातून गलबतांबरोबर आलेले भाटिया, लोहाणा, खोजा, बोहरा आणि मेमण यांनी धान्य, मसाले व कापूस यांच्या पेढ्या घातल्या; कोकणी मुसलमान नाखवे आणि जहाजांचे मालक होते; आणि त्यांच्या शेजारीच कोकणातून आलेल्या, मराठी हीच मातृभाषा असलेल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने सामाजी हसाजी दिवेकर या कंपनीच्या लष्करातील सुभेदाराच्या पुढाकाराने १७९६ साली आपले पहिले प्रार्थनामंदिर उभारले. येथील घराची रचनाच व्यापाराने ठरविली होती: तळाला वखार, तिच्यावर पेढी आणि त्याहून वर बिऱ्हाडे. माल आणि माणूस एकाच छपराखाली दाटीने राहत असल्यामुळे १८९६ साली प्लेगने प्रथम मांडवीतच डोके वर काढले. ती साथ ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस हे मूळचे गोमंतकीय. प्लेगपाठोपाठ १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्तीतून रुंद रस्ते काढण्यात आले आणि पुढे दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती जन्मास आल्या.

गोमंतकीयांचे बिऱ्हाड धोबीतलावाच्या आसपास पडले. आगबोटींवर खलाशी, स्वयंपाकी वा वाजंत्री म्हणून जाणाऱ्या या माणसांना दोन सफरींच्या मधले दिवस काढण्यासाठी निवारा हवा असे, म्हणून गावोगावच्या लोकांनी आपापल्या गावाच्या नावाने ‘कूड’ चालविले. एका लांबट दालनात भिंतीशी ओळीने लावलेल्या पेट्या, एका अंगाला ग्रामसंताची वेदी, आणि तिन्हीसांजेला सर्वांनी मिळून म्हणावयाचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, एवढ्या सामग्रीवर दर्यावर्दी माणसाने परक्या शहरात आपले गाव मांडले.

याउलट माझगावची माथारपाखाडी ही आधीपासूनच्या रहिवाशांची. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, कौलारू छपरे आणि वाटेतला क्रूस असलेल्या या पाखाडीतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे घरात मराठीचीच एक बोली बोलत आली. टिळकांचे सहकारी, १९१६ साली होमरूल लीगचे अध्यक्ष आणि १९२५ साली मुंबईचे महापौर झालेले काका बाप्टिस्टा हे याच पाखाडीचे. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जवळच्या टेकडीवरील बागेतून गोदीचा विस्तार नजरेत भरतो.

आणि गिरणगाव? तोही बंदराचाच ऋणी आहे. कापूस परदेशी पाठविणाऱ्या या बंदरातच तो कातण्याची कल्पना १८५४ साली रुजली, पहिली गिरणी ताडदेवला निघाली, आणि लालबाग-परळच्या चाळी भरण्यासाठी जे हात लागले त्यांतील कितीतरी रत्नागिरीकडून बोटीने आले आणि भाऊ अजिंक्य यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या भाऊच्या धक्क्यावर उतरले. ज्या गावची माणसे त्याच गावच्या खोलीत राहावयाची, तेथेच खानावळ आणि तेथेच भजन. धोबीतलावच्या कुडाचा हा सख्खा भाऊच.

१९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाल्यापासून जुन्या गोदीतील वर्दळ ओसरत गेली, गिरण्याही बंद पडल्या. ज्या कारणाने या वस्त्या जन्मल्या ते कारणच दूर सरकले आणि त्यांच्या जागेवर आता पुनर्विकासाची दृष्टी आहे. मोडकळीस आलेल्या घरात माणसांनी जीव मुठीत धरून राहावे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु परस्परांना अपरिचित असलेली, निरनिराळ्या देवांना भजणारी माणसे एका धक्क्यावर उतरून शेजारी कशी झाली, याचा दस्तऐवज कोणत्याही दप्तरखान्यात इतका स्पष्ट सापडावयाचा नाही, जितका तो या गल्ल्यांच्या रचनेत सापडतो. म्हणून नवे बांधणाऱ्याने इमारतीचे क्षेत्रफळ मोजण्यापूर्वी त्या वस्तीचे शेजारपण समजून घ्यावे आणि जुन्या रहिवाशाला त्याच्या शेजाऱ्यासह त्याच जागी घर द्यावे. मुंबईची खरी मिळकत ते शेजारपणच आहे.