भिंतीवरून दालनांत

रस्त्यावरच्या भित्तिचित्रांस हल्लीं कलादालनांत मान मिळूं लागला आहे. आमच्या जव्हार-मोखाड्याकडील वारल्यांच्या भिंतीस तो पूर्वींच मिळाला.

वारल्यांच्या लग्नघरीं सवासिनी गेरूनें सारविलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. कुंचला म्हणजे चेचल्या टोकाची बांबूची काडी. मध्यें पालघट देवी, भोंवतीं झाडें, माणसें, जनावरें. चौकावांचून लग्न लागत नाहीं. पुढें तो झडून गेला तरी त्याचें कोणास दुःख नसतें. मास्तरकीच्या दिवसांत आम्हीं यांस रेघोट्या म्हणून हिणविलें, हें कबूल केलें पाहिजे.

भास्कर कुलकर्णी यांनीं पाड्यांवर कागद नेला. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचीं चित्रें १९७५ सालीं मुंबईच्या केमोल्ड दालनांत लागलीं. १९८९ सालीं तीं पॅरिसच्या पाँपिदू केंद्रांत मांडलीं गेलीं. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले.

तो मान यथायोग्यच. परंतु कागदाच्या कोपऱ्यांत सही लागते, चौकास ती कधींच नव्हती. त्यामुळें भिंत दालनांत गेली तेव्हां पुरुषांचीं नांवें पुढें आलीं, आणि ज्यांच्या हातीं हें लेखन पिढ्यान्‌पिढ्या होतें त्या सवासिनी बहुतेक निनांवीच राहिल्या.