सह्याद्रीतील मृदा व भूरूप सर्वेक्षण

सह्याद्रीतील मृदा व भूरूप सर्वेक्षण म्हणजे सह्याद्री पर्वतरांगेतील जमिनीचे आकार, उतार आणि त्यांवरील मातीचे थर यांची पद्धतशीर पाहणी करून ती माहिती नकाशावर नोंदवण्याची प्रक्रिया होय. डोंगराळ प्रदेशात माती थोड्या अंतरावर बदलते. कड्याच्या माथ्यावर उघडा कातळ, उतारावर वीतभर मुरमाड माती आणि पायथ्याशी पुरुषभर खोल जमीन, असा बदल काहीशे मीटरांतही आढळतो. म्हणून येथे मातीचा अभ्यास भूरूपांच्या अभ्यासापासून वेगळा करता येत नाही.

भूवैज्ञानिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील सह्याद्री मुख्यतः बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले. यांतील काही थर कठीण व अखंड, तर काही सच्छिद्र व लवकर झिजणारे आहेत. कठीण थरांचे उभे कडे होतात, तर मऊ थरांवर सौम्य उतार व माच्या तयार होतात. त्यामुळे डोंगरांना पायऱ्यांसारखे रूप येते. या खडकांना ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

महाबळेश्वर, पाचगणी व कास येथील पठारांच्या माथ्यावर जांभ्याचा थर आहे. भरपूर पाऊस व उष्णता यांमुळे खडकातील विद्राव्य द्रव्ये वाहून जातात, लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात आणि जांभा तयार होतो. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ मध्ये मलबारमधील अशा खडकाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. ते वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घेतले आहे.

सर्वेक्षणाची पद्धत

काम साधारणपणे तीन टप्प्यांत होते.

१. पूर्वतयारी : भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थलदर्शक पत्रके, हवाई छायाचित्रे व उपग्रह प्रतिमा यांवरून भूरूपांच्या सीमा आखल्या जातात. १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकावर समोच्च रेषांमधील अंतर सहसा २० मीटर असते. रेषा दाटलेल्या असल्यास उतार तीव्र, विरळ असल्यास सौम्य समजावा.

२. क्षेत्रपाहणी : माथा, उतार, पायथा व दरी यांना छेदणारी एक रेषा निवडून तिच्यावर ठिकठिकाणी खड्डे घेतले जातात. खड्डा दीड ते दोन मीटर खोल किंवा कठीण खडक लागेपर्यंत खणतात. त्याच्या उभ्या भिंतीवर मातीचे थर दिसतात. प्रत्येक थराची जाडी, रंग, पोत, रचना, दगडगोट्यांचे प्रमाण व मुळांची खोली नोंदवली जाते. रंग मनसेल रंगपट्टीशी ताडून पाहतात. ओल्या मातीची बोटांत पट्टी वळवून चिकणमातीचे प्रमाण अजमावतात, तर सौम्य आम्लाचे थेंब टाकून फेस येतो का, यावरून चुन्याचा अंश ओळखतात.

३. प्रयोगशाळा व नकाशा : नमुन्यांचे पृथक्करण झाल्यावर मृदांचे वर्गीकरण होते आणि आधी आखलेल्या सीमा दुरुस्त केल्या जातात.

उतार आणि मृदा-शृंखला

एकाच खडकावर, एकाच हवामानात, केवळ उतारावरील स्थानामुळे माती बदलते, ही कल्पना जेफ्री मिल्न यांनी १९३५ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून मांडली. तिला ‘कॅटिना’, म्हणजे साखळी, असे नाव मिळाले. सह्याद्रीत ती स्पष्ट दिसते. तीव्र उतारावरील माती पावसाने धुपते, त्यामुळे ती उथळ व भरड राहते. वाहून आलेला बारीक गाळ सखल भागात साचतो आणि तेथे भाताची खाचरे होतात. पूर्वेकडे, पर्जन्यछायेच्या खोऱ्यांत, उन्हाळ्यात भेगाळणारी खोल काळी जमीन आढळते.

गावकऱ्यांनी हे भेद पूर्वीपासून नावांनी जपले आहेत. वरकस, खाचर, सडा, मुरमाड हे शब्द खोली, उतार व निचरा एकदम सांगतात. चांगला सर्वेक्षक खड्डा घेण्यापूर्वी हे शब्द ऐकून घेतो.

नकाशाचे प्रमाण

नागपूर येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने (स्थापना १९७६) राज्यांचे मृदा नकाशे १:२,५०,००० प्रमाणावर तयार केले. या प्रमाणात नकाशावरील १ सेंमी म्हणजे जमिनीवरील २.५ किमी, म्हणून १ चौरस सेंमीच्या चौकटीत ६२५ हेक्टर जमीन येते. १:५०,००० वर हीच चौकट २५ हेक्टरांची, तर १:१०,००० वर १ हेक्टराची असते. राज्याच्या नियोजनास पहिला नकाशा पुरेसा असतो; पण एखाद्या वाडीच्या मागचा उतार त्यात दिसत नाही.

आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. नकाशा आडव्या पातळीवरील क्षेत्रफळ दाखवतो. ४५ अंशांच्या उतारावर नकाशातील १ हेक्टर म्हणजे प्रत्यक्षात सुमारे १.४१ हेक्टर पृष्ठभाग असतो. फेब्रुवारी २००० मधील अंतराळयानाच्या रडार मोहिमेतून सुमारे ३० मीटर चौकटींची उंचीविषयक माहिती मिळाली. तिने उतार मोजणे सुलभ झाले. तथापि अरुंद कडे अशा चौकटीत सपाटून जातात. त्यामुळे क्षेत्रपाहणीला पर्याय उरत नाही.

उपयोग

सर्वेक्षणाच्या आधारे जमिनीची आठ क्षमता-वर्गांत विभागणी करतात. पहिले चार वर्ग लागवडीस योग्य, तर उरलेले गवत, वने व वन्यजीवनासाठी राखावेत, असे मानले जाते. सह्याद्रीत मात्र नाचणी व वरी ही पिके तीव्र उतारांवरही घेतली जातात. तेथे लागवड थांबवण्यापेक्षा बांधबंदिस्ती व समतल मशागत कोठे आवश्यक आहे, हे दाखवणे नकाशाचे अधिक उपयुक्त कार्य ठरते.

दरडींच्या संदर्भात या कामाचे महत्त्व सर्वाधिक आहे. पुणे जिल्ह्यातील माळीण (३० जुलै २०१४) आणि रायगड जिल्ह्यातील तळीये (२२ जुलै २०२१) व इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) येथे मुसळधार पावसात डोंगरउतार वस्तीवर कोसळले. माळीणमध्ये दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. झिजलेल्या मातीचा जाड थर, त्याखालील कठीण खडक व तीव्र उतार हे तीन घटक एकत्र आले की पाणी मुरून मातीचे वजन वाढते आणि तिची पकड सुटते. हे तिन्ही घटक मृदा व भूरूप सर्वेक्षणात आधीच मोजले जातात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने दरडप्रवणतेचे नकाशे १:५०,००० प्रमाणावर केले आहेत. त्यांवरून संशयास्पद पट्टे कळतात. परंतु नेमके कोणते घर हलवावे, हे ठरवण्यासाठी त्या उतारावर अधिक मोठ्या प्रमाणाची पाहणी करावी लागते.