नव्वद दिवसांनंतरची पेढी

पदवीची परीक्षा आटोपून जूनच्या आरंभी रत्नपरीक्षा शिकण्यासाठी अँटवर्पला गेलेली सराफाची मुलगी ऑगस्टअखेर परतीच्या वाटेला लागते. अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही; मुक्कामाचा शेवट जाण्यापूर्वीच ठरलेला असतो. बॅगेत मसाल्यांचे रिकामे डबे, चुलत भावंडांसाठी चॉकलेटची खोकी, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक प्रमाणपत्र. घरचे प्रश्नही ठरलेले: जेवणाचे हाल झाले का, खर्च किती आला, काय काय पाहिले?

जेवणाचा प्रश्न अनाठायी नाही. तळलेला बटाटा हा बेल्जियमचा जीव की प्राण, आणि जुन्या पद्धतीत तो तळला जातो गुरांच्या चरबीत. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या मुलीला तो टाळणे अवघड नसते. अवघड जाते ते प्रत्येक दुकानात ‘यात काय घातले आहे?’ असे विचारणे. पहिल्या आठवड्यातला संकोच पुढे सरतो. चौविहाराची मात्र तेथे गंमतच आहे. जूनअखेर सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. ऑगस्ट सरताना तोच साडेआठला अस्ताला जातो आणि घड्याळाकडे लक्ष ठेवावे लागते. घरी आजीच्या हाकेने ती वेळ पाळली जात असे. येथे चुकली तरी कोणाला कळणार नसते. नियम घराचा की आपला, याचा निवाडा अशाच एखाद्या सायंकाळी होतो.

शिक्षणाचा खरा भाग मध्यवर्ती रेल्वेस्थानकालगतच्या हिरेबाजारात आहे. त्या चार-दोन गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या ज्यू व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते. १९६० च्या दशकापासून पालनपूर-काठियावाडकडील जैन व्यापारी तेथे येऊ लागले आणि लहान हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या सुरतेच्या कारागिरांच्या बळावर स्थिरावले. विल्रेइक उपनगरातील संगमरवरी जिनालय ही त्याच वस्तीची खूण. सौदा पटला की हातात हात देऊन ‘माझल’ हा हिब्रू शब्द उच्चारायचा, व्यवहार पक्का. ज्यू असो वा भारतीय, शब्द तोच. दिलेल्या शब्दाला चुकलेल्या माणसाला या बाजारात पुन्हा उभे राहणे कठीण जाते. आजोबांच्या काळी पेढीवर जबानीने झालेले व्यवहार ऐकत वाढलेल्या मुलीला हे मुळीच परके वाटत नाही.

तेथे हिरा पारंपरिक पद्धतीने उत्तरेकडून येणाऱ्या स्थिर उजेडात पाहतात. रंग, शुद्धता, पैलूंची घडण आणि वजन, अशी ही पारख. एक कॅरट म्हणजे अवघे ०.२ ग्रॅम. डोळा हळूहळू तयार होतो. आणि तो तयार होत असतानाच मर्यादाही समजते: प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा रासायनिक दृष्ट्या खाणीतल्या हिऱ्यासारखाच असतो, निव्वळ भिंगातून तो वेगळा ओळखता येत नाही. त्यासाठी यंत्र लागते. किमतीत मात्र दोहोंमध्ये फार मोठे अंतर असते.

हे शिकून आलेली मुलगी गावच्या पेढीवर पाऊल ठेवते तेव्हा सहज विचारते, ‘पप्पा, आपल्याकडे हे कसे तपासतात?’ बऱ्याच ठिकाणी उत्तर असते, माल देणारा वर्षानुवर्षांच्या विश्वासातला आहे. उत्तर खोटे नाही. पण त्या माल देणाऱ्यानेही तो विश्वासानेच घेतलेला असतो, आणि साखळीच्या टोकाला उभे असलेले गिऱ्हाईक मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे मोजत असते. शब्दाची किंमत राखायची तर शब्द देण्यापूर्वी खात्री करून घेतलीच पाहिजे.

मुलगा असता तर त्याला दुसऱ्याच दिवशी गादीवर बसवले असते. मुलीच्या बाबतीत तोवर दोन स्थळे येऊन राहिलेली असतात आणि अँटवर्पचे प्रमाणपत्र बायोडाटातील एक ओळ होऊन बसते. लाखांचा खर्च करून डोळा तयार करायचा आणि तो पेढीच्या दिव्याखाली येऊच द्यायचा नाही, हा कोणत्या जातीचा व्यापार? तिचे लग्न व्हायचे तेव्हा होईल, तिने सासरी पेढी सांभाळावी की माहेरी हेही पुढे ठरेल; आज तिच्यासमोर हिऱ्यांची पुडी उघडण्यात कोणाचीच हरकत नसावी.

पर्युषणाचे दिवस आटोपतात, क्षमापना होते आणि पेढीला दिवाळीचे वेध लागतात. तपासणी यंत्र मागवायचे, तिने ते चालवून पाहायचे आणि जुना साठा एकदा तिच्या हाताखालून जाऊ द्यायचा, एवढा अवधी मधल्या काळात मिळतो.